फळ्यापर्यंतची वाट ॲपमधून जात नाही

यंदाच्या भीमजयंतीच्या तयारीच्या बैठकीत आमच्या वस्तीतल्या तरुण कार्यकर्त्यांनी एक प्रस्ताव मांडला. डीजेवर एक रुपया खर्च करायचा नाही. जमलेल्या वर्गणीतून पहिली ते चौथीच्या मुलांसाठी टॅबलेट घ्यायचे, आणि गणिताची कोडी शिकवणाऱ्या एका ॲपचे वर्षाचे पैसे भरून ते त्यात टाकून द्यायचे. डीजे नको म्हटल्यावर आमचा हात सर्वांत आधी वर गेला. टॅबलेटच्या प्रस्तावाला मात्र आम्ही विरोध केला. त्यावरून बैठकीत बरीच गरमागरमी झाली. "तुम्ही तंत्रज्ञानाच्या विरोधात आहात", "सवर्णांची पोरं कोडिंग शिकतायत आणि तुम्ही आपल्या पोरांना पाटीवरच ठेवणार का", असे आम्हाला ऐकून घ्यावे लागले. ज्यांनी ऐकवले ते आमचेच आहेत, त्यांची तळमळ खोटी नाही. म्हणूनच उत्तर सविस्तर देणे भाग आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो. गणिताची कोडी हे श्रीमंतांच्या पोरांचे चोचले आहेत असे आमचे म्हणणे नाही, उलट आहे. या देशात लहान मुलाला कोडे सुटते की नाही यावर त्याचे पुढचे आयुष्य ठरते. नवोदय विद्यालयाची प्रवेश परीक्षा बघा. पाचवीतले मूल दोन तास बसते, ८० प्रश्न असतात, १०० गुण असतात. त्यातले ४० प्रश्न आणि ५० गुण एकट्या मानसिक क्षमता चाचणीचे. आकृती पूर्ण करा, वेगळी आकृती ओळखा, आरशातली प्रतिमा कोणती. म्हणजे निम्मे गुण कोड्यांना. शिष्यवृत्ती परीक्षेतही बुद्धिमत्ता चाचणी आहेच. खेड्यातल्या भूमिहीन बापाच्या पोरीला फुकट निवासी शिक्षण मिळण्याचा जो एक दरवाजा आहे, त्याच्या कुलपाला कोडे लावलेले आहे. तेव्हा कोडी आपल्या पोरांना यायलाच हवीत. ती कोण शिकवणार, एवढाच वाद आहे.

आणि गणिताच्या फळ्याशी आपले नाते काय होते, ते विसरून चालणार नाही. बाबासाहेब मुंबईला एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये असतानाचा प्रसंग चरित्रकारांनी नोंदवला आहे. शिक्षकांनी त्यांना फळ्यावर उदाहरण सोडवायला बोलावले. लगेच वर्गात आरडाओरड झाली, कारण सवर्ण मुलांचे जेवणाचे डबे फळ्यामागे ठेवलेले होते. पोरे धावली, डबे बाजूला केले, मग भीमराव फळ्याजवळ गेले. उदाहरण त्यांना येत होते. अडचण उदाहरणाची नव्हतीच, फळ्यापर्यंत जाण्याची होती. आज डबे फळ्यामागे नाहीत. आज आमच्या तरुणांना वाटते की फळाच नको, प्रत्येकाच्या हातात वेगळा फळा दिला की प्रश्न मिटला. आम्हाला यात धोका दिसतो.

हे आम्ही हवेत बोलत नाही. विहारातल्या अभ्यासिकेत आम्ही असे एक फुकटातले ॲप दोन जुन्या मोबाईलवर तीन महिने चालवून पाहिले आहे. पहिला आठवडा सणासारखा गेला. पोरे संध्याकाळी साडेपाचलाच येऊन बसायची. मग हळूहळू आमच्या लक्षात एकेक गोष्ट येत गेली. कोडे सोडवायला तीस सेकंद, आणि बाजूला वाळूचे घड्याळ. ज्याला घरी आधीच येते तो पटकन दाबतो, नाणी मिळवतो. जी मुलगी बोटांवर मोजते तिचे मोजून होईपर्यंत वेळ संपतो. चार-पाच दिवसांत तिने शोधून काढले की न मोजता चारपैकी कुठलाही एक पर्याय दाबला तरी अधूनमधून बरोबर येते. मग ती तेच करू लागली, आणि ॲप तिला शाबासकी देऊ लागले. स्क्रीनवर तारे, फटाके, टाळ्या. आम्ही पाटीवर तेच उदाहरण घातले तर ती आमच्याकडे पाहत राहिली.

त्यात पुन्हा 'लागोपाठ सात दिवस खेळा, बक्षीस मिळवा'. आमच्याकडे हे कसे चालायचे? घरातला एकमेव मोबाईल बाप सकाळी आठला सेंटरिंगच्या कामावर घेऊन जातो आणि रात्री नऊला परत आणतो. रिचार्ज संपला तर चार दिवस तो नुसता घड्याळ म्हणून वापरला जातो. पोरगी सहाव्या दिवशी चुकते, आणि ॲप तिला रडणारा चेहरा दाखवते. शाळेत न जाण्याचा दोष पोरावर टाकणारी व्यवस्था आपण आयुष्यभर पाहिली, आता तीच खिशात आणून ठेवायची का?

आमचे तरुण मित्र म्हणतात, आता घरोघरी स्मार्टफोन आहे. खरे आहे. 'असर'च्या २०२४ च्या ग्रामीण पाहणीत सुमारे ९० टक्के किशोरवयीन मुलांच्या घरी स्मार्टफोन असल्याचे आढळले. पण त्याच पाहणीत पुढे वाचा. फोन वापरता येणाऱ्या १४ ते १६ वयाच्या मुलांमध्ये स्वतःचा फोन असणारे मुलगे सुमारे ३६ टक्के आणि मुली सुमारे २७ टक्के. घरात फोन असणे आणि मुलीच्या हातात तो तासभर शांतपणे असणे यांत किती अंतर आहे, हे ज्यांना बहिणी आहेत त्यांना आम्ही वेगळे सांगायला नको.

आता भाषेकडे येतो, कारण आमचे खरे डोळे तिथे उघडले. दुसरीतल्या एका मुलीला ॲपने आवाजात सांगितले, 'सत्तेचाळीस'. तिने ७४ दाबले. लाल फुली. पुन्हा विचारले, पुन्हा ७४, पुन्हा लाल फुली. ॲपच्या लेखी ही मुलगी चुकली आणि तिला खालच्या पातळीवर ढकलले गेले. पण शेजारी बसलेल्या कुणाही जाणत्या माणसाला कळले असते की पोरगी अगदी तर्काने वागते आहे. मराठीत आपण सात आधी बोलतो आणि चाळीस नंतर, लिहिताना मात्र चार आधी येतो. तिने जसे ऐकले तसे लिहिले. तिला दोन मिनिटांचा खुलासा हवा होता, खालची पातळी नको होती.

इथे थोडे आडवळण घेतो. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'तेवीस'च्या जोडीला 'वीस तीन' असेही वाचायला दिले, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! डॉ. मंगला नारळीकर यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने तो पर्याय आणला होता. जोडाक्षरांनी आणि उलट्या क्रमाने अडखळणाऱ्या मुलांची सोय व्हावी, एवढाच हेतू होता, आणि जुने शब्द काढलेही नव्हते. पण विधानसभेपासून व्हॉट्सॲपपर्यंत सगळ्यांनी टिंगल केली, मराठी बुडाली म्हणून गळे काढले. आपल्यातलेही बरेच जण त्या विनोदांवर हसले, आम्हीही एखादा पुढे पाठवला असेल. ज्या घरात आजीपासून सगळ्यांना 'एकोणऐंशी' पाठ आहे त्या घरातल्या मुलाला 'सत्तर नऊ'ची गरज नसते. ती गरज ज्याच्या घरात पाढे म्हणणारे कुणी नाही त्याला असते. तेव्हा आपण कुणाच्या बाजूने हसत होतो, ते आज ती लाल फुली पाहताना कळले.

ॲपमधली मराठी तर बोलूच नका. इंग्रजीतले वाक्य उचलून यंत्राने फिरवलेली भाषा. कोड्यात पिझ्झाचे आठ तुकडे, वाढदिवसाच्या केकचे थर, स्विमिंग पूलची लांबी. आमच्या एका पोराने विचारले, "पिझ्झाचे तुकडे सारखेच असतात का?" अगदी गणिती प्रश्न आहे हा! त्याने पिझ्झा पाहिलेला नाही, त्यामुळे अपूर्णांकाची सगळी इमारत त्याच्यासाठी हवेत उभी आहे. भाकरी म्हटले असते तर त्याला चतकोर, अर्धी, पाऊण सगळे तोंडपाठ होते.

आता पैशाचा भाग. अमेरिकेतल्या शाळांत 'प्रॉडिजी' नावाचा गणिताचा खेळ फार चालतो, कंपनी कॅनडाची. शाळेत फुकट, घरी खेळताना मात्र पैसे भरून सदस्य होण्याचा सतत तगादा. फेब्रुवारी २०२१ मध्ये तिथल्या बालहक्क संघटनांनी याविरुद्ध फेडरल ट्रेड कमिशनकडे तक्रार केली. त्यांचे म्हणणे असे की पैसे भरणाऱ्या मुलाचे पात्र खेळात ढगावर बसून तरंगत जाते आणि न भरणाऱ्याचे पात्र जमिनीवर धुळीतून चालते. सगळ्या वर्गाला ते दिसते. वाचताना आमच्या पोटात कालवले. एक जण ढगावर, एक जण धुळीत, आणि दोघांच्याही तोंडी तीच बेरीज! वर्गात गोणपाटावर वेगळे बसवणे म्हणजे काय, हे ज्यांच्या आजोबा-पणजोबांना ठाऊक आहे, त्यांना हा खेळ नवा वाटणार नाही. आपल्याकडचे उदाहरण सर्वांना माहीत आहे. घरोघर जाऊन, पालकांच्या आशेवर बोट ठेवून, हप्त्यांवर अभ्यासक्रम विकण्याच्या तक्रारींवरून डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने 'बायजूस'च्या प्रमुखांना हजर राहायला सांगितले होते. २०२४ मध्ये त्या कंपनीवर दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. ज्यांनी कर्ज काढून हप्ते भरले त्यांच्या पोरांचे वर्ष कोण परत देणार?

मुलांची माहिती हा आणखी एक धंदा. ह्युमन राइट्स वॉचने २०२२ मध्ये ४९ देशांत सरकारांनी शिफारस केलेली शिक्षणाची ॲप्स आणि संकेतस्थळे तपासली, तर दहातली जवळजवळ नऊ मुलांच्या हक्कांना बाधा येईल अशा रीतीने माहिती हाताळत होती. आपल्या सरकारचे 'दीक्षा'ही त्या यादीत होते. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा अठराखालच्या मुलासाठी पालकाची पडताळता येईल अशी संमती मागतो. आमच्याकडे संमतीचे बटण तिसरीतले पोरच दाबते, कारण घरात तेवढे वाचणारे तेच आहे.

"मग संशोधन काय म्हणते?" हा प्रश्न बैठकीत एका इंजिनिअर मित्राने विचारला, आणि तो योग्य प्रश्न आहे. दिल्लीत बालवाड्यांमधल्या दीड हजारांहून अधिक मुलांवर झालेला एक मोठा प्रयोग २०१७ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आला. तिथे ॲप नव्हते, पत्त्यांचे आणि पटाचे प्रत्यक्ष खेळ होते. संख्यांचा आणि आकारांचा अंदाज घेण्याचे खेळ. मुलांची ती अंदाजाची समज वाढली आणि वर्षभर टिकलीही. पण पहिलीत गेल्यावर आकडे आणि चिन्हे असलेल्या शाळेच्या गणितात त्याचा फायदा दिसला नाही. म्हणजे खेळ आणि वही यांच्यामध्ये एक दरी आहे आणि ती आपोआप बुजत नाही.

दुसरा अभ्यास आम्हाला फार जवळचा वाटतो. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारात काम करणाऱ्या मुलांना तपासले. २०२५ मध्ये 'नेचर'मध्ये ते छापून आले. बटाटे इतके, कांदे इतके, नोट एवढी, परत किती, हे पोरे तोंडी अचूक सांगतात. तोच हिशेब शाळेच्या पद्धतीने कागदावर दिला की अडतात. शाळेत जाणारी आणि कामाचा अनुभव नसलेली मुले कागदावर बरी, पण बाजाराच्या हिशेबात गडबडतात. विचार करा, याचा अर्थ काय? ज्या पोराला शाळा 'गणितात कच्चा' म्हणून मागच्या बाकावर टाकते, ते पोर डोक्यात भागाकार करते आहे. शाळेला ते मोजता येत नाही. हजार वर्षे आपल्या जातींच्या हातांनी केलेली मापे, वजने, कोन, सांधे, कातड्याची बेतणी, दोराचा पीळ, यांना कुणी गणित म्हटले नाही. पंचांग मांडणाऱ्याला मात्र विद्वान म्हटले.

प्रामाणिकपणे विरुद्ध बाजूही सांगतो. दिल्लीतच 'माइंडस्पार्क' या संगणक कार्यक्रमाचा अभ्यास झाला, २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि मुलांच्या गणितात साडेचार महिन्यांत चांगली वाढ दिसली. पण तिथे काय होते? शाळेनंतर चालणारे केंद्र होते. आठवड्याचे सहा दिवस, रोज दीड तास. त्यातला पाऊण तास संगणक आणि पाऊण तास छोट्या गटात शिकवणारा माणूस. मुलांची स्वतःची भाषा होती. सहावीतले सरासरी मूल गणितात अडीच इयत्ता मागे आहे हे ओळखून त्याला तिथून धरले होते. असे केंद्र कुणी आमच्या वस्तीत काढत असेल तर सतरंजी आम्ही टाकतो. पण टॅबलेट वाटून फोटो काढणे म्हणजे ते केंद्र नव्हे.

या ॲपांच्या जाहिरातीत हमखास एक विभाग असतो: 'वैदिक गणित'. एका सेकंदात गुणाकार, ऋषींचे ज्ञान. त्याबद्दल आपल्या पोरांना एवढे तरी सांगा. 'वैदिक मॅथेमॅटिक्स' हे पुस्तक पुरीचे शंकराचार्य भारती कृष्ण तीर्थ यांचे, ते वारल्यावर १९६५ मध्ये छापलेले. त्यातली सूत्रे वेदांत सापडत नाहीत हे के. एस. शुक्ल यांच्यासारख्या गणिताच्या इतिहासकारांनी आणि एस. जी. दाणी यांच्यासारख्या गणितज्ञांनी केव्हाच दाखवून दिले आहे. आकडेमोडीच्या युक्त्या आहेत, काही कामाच्याही असतील. पण ज्या वेदांचा उच्चार ऐकण्याचीही आपल्या पूर्वजांना बंदी होती, त्यांच्या नावाचा शिक्का मारून तिसरीतल्या पोराला गुणाकार विकायचा, आणि आपण जयंतीच्या वर्गणीतून तो विकत घ्यायचा? हे आम्हाला सहन होणार नाही.

मूळ मुद्दा जबाबदारीचा आहे. जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जे निवेदन दिले, त्यात रयतेच्या पैशातून वरच्यांचे शिक्षण चालते आणि प्राथमिक शिक्षण उपाशी राहते हा आरोप होता, आणि प्राथमिक शाळेत काय शिकवावे याच्या यादीत हिशेब होता. ज्याला हिशेब येत नाही त्याला कुलकर्णी आणि सावकार कसे नागवतात ते त्यांनी पुढच्याच वर्षी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये लिहिले. १२ मार्च १९२७ ला, महाडच्या सत्याग्रहाच्या आठच दिवस आधी, बाबासाहेब मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलले. ते भाषण म्हणजे आकड्यांचा मारा आहे. प्राथमिक शाळेत शिरणाऱ्या शंभर मुलांपैकी चौथीपर्यंत फक्त अठरा पोहोचतात, बाकी ८२ पुन्हा निरक्षरतेत जातात. सरकार शिक्षणावर माणशी चौदा आणे खर्च करते आणि अबकारीतून माणशी दोन रुपयांहून जास्त वसूल करते. बाबासाहेबांनी तेव्हा दानशूरांकडे पाट्या मागितल्या नाहीत. सरकारला वजाबाकी करून दाखवली.

आज ती वजाबाकी कोण करतो? २०२३ मध्ये कमी पटाच्या शाळा मिळून समूह शाळा काढण्याची योजना आली. त्याच वर्षी शाळा कंपन्यांना दत्तक देण्याची योजना आली. फेब्रुवारी २०२४ मध्ये, जवळ सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळांना पंचवीस टक्के राखीव प्रवेशातून मोकळे करणारी अधिसूचना निघाली. ती जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केली म्हणून पोरे वाचली. पाचवीतल्या ग्रामीण मुलांपैकी साधा भागाकार येणारी सुमारे ३० टक्के आहेत, हेही त्याच 'असर' २०२४ चे. शिक्षक नाही, शाळा दूर गेली, आणि हातात ॲप आहे. उद्या सरकारच म्हणेल, तुमच्या मुलांना समाजाने टॅबलेट दिले आहेत, आता शिक्षकाची काय गरज?

तरुण मित्रांनो, कोडी हवीत तर आपण घालू. आम्ही अभ्यासिकेत चौथीच्या मुलांना हे घातले होते. एका कोयत्याने, म्हणजे नवरा-बायकोने, मुकादमाकडून ८०,००० उचल घेतली. हंगाम १२० दिवसांचा, त्यात १४ दिवस खाडा. रोज दोन टन तोड, टनाला ३५० रुपये. खाड्याचा दंड दिवसाला ५००. मुकादमाच्या वहीत शेवटी १५,८०० बाकी लिहिली आहे. वही बरोबर आहे का? मुलांना घड्याळ लावले नाही. गटात बसून पाऊण तास भांडली. १०६ दिवस, २१२ टन, ७४,२०० रुपये. उचलीतले ५,८०० राहिले, दंडाचे ७,००० धरले. १२,८००. मग एक पोर, ज्याचे आई-बाप दरवर्षी दिवाळीनंतर कारखान्याला जातात आणि जे हंगामी वसतिगृहात राहून शिकते, उठून फळ्याजवळ गेले आणि म्हणाले, "तीन हजार जास्त लावलेत." त्यानंतर त्याने विचारले, आजारी पडलेल्या दिवसाचा दंड का लावतात? याचे उत्तर कुठल्याही ॲपच्या चार पर्यायांत नव्हते, आमच्याकडेही एका वाक्यात नव्हते.

शेवटी बैठकीत असे ठरले. टॅबलेट घ्यायचे नाहीत. वर्गणीतून अभ्यासिकेला एक मोठा फळा, पाट्या, नवोदय आणि शिष्यवृत्तीच्या जुन्या प्रश्नपत्रिकांच्या झेरॉक्स, आणि ठोकळे-काड्यांचे साहित्य घ्यायचे. आमचा एक जुना मोबाईल राहील, पण तो शिकवणाऱ्याच्या हातात. कॉलेजातल्या मुलामुलींनी आठवड्यातून तीन संध्याकाळी पाळीने बसायचे. अकरा जणांनी नावे दिली आहेत, त्यात तो इंजिनिअर मित्रही आहे, आणि आमच्यावर सर्वांत जास्त तोच चिडला होता. जिल्हा परिषद शाळेत दोन वर्षांपासून रिकाम्या असलेल्या शिक्षकाच्या जागेसाठी पालकांच्या सह्यांचे निवेदन तयार आहे. १५ एप्रिलला, जयंतीच्या दुसऱ्या दिवशी, मिरवणुकीचा शीण अंगात असतानाच, सकाळी दहा वाजता आम्ही ते घेऊन गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात जाणार आहोत. चौथीची पोरे सोबत असतील, आणि त्यांनी शिक्षकाविना गेलेल्या तासांचा हिशेब एका कार्डशीटवर मांडायला घेतला आहे.